उत्तर आलं नाही, ट्रक मात्र आला

काही लोकांच्या हाताला चव असते, काहींच्या हातात झाड लावायची कला असते. माझ्या हातात टेस्टिंग टूल आलं की ते निमूटपणे चालायला लागतं. हे मी नाही, आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात. म्हणजे मी त्यांना तसं म्हणायला लावलं आहे, पण म्हणतात हे खरं.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी आमचे साहेब केबिनमधून डोकं बाहेर काढून म्हणाले, "अरे, उद्या सामानवाल्यांची माणसं येतायत. गाडी बुक होतेय का ते एकदा बघून ठेव," तेव्हा मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.

"जेवायच्या सुट्टीआधी दाखवतो," म्हटलं.

सामानवाले म्हणजे आमचं सध्याचं गिऱ्हाईक. लोकांची घरं एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवून देणारी कंपनी. त्यांचं मोबाइल अ‍ॅप आम्ही बनवतोय. अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की कंपनीच्या वेब सर्व्हिसकडे निरोप जातो आणि ट्रक बुक होतो. आता वेब सर्व्हिस म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी घाबरू नये, माझ्या बायकोलाही मी एका वाक्यात समजावलं आहे. खिडकीपलीकडे एक कारकून बसलाय. तुम्ही चिठ्ठी आत सरकवता, तो आत जाऊन काम करतो आणि उत्तराची चिठ्ठी बाहेर सरकवतो. अ‍ॅप जोडण्याआधी कारकून शुद्धीवर आहे की नाही हे बघायला आम्ही टेस्टिंग टूलमधून हाताने चिठ्ठ्या पाठवतो. बस, एवढंच. यासाठी मला पगार मिळतो.

खिडक्या अर्थातच दोन असतात. एक चाचणीची, तिथे सगळं खोटं-खोटं. दुसरी खरी. टूलच्या वरच्या कोपऱ्यात त्यातली एक निवडायची सोय असते. सामानवाल्यांनी विश्वासाने आम्हाला एक खास चावी दिली होती. ती चिठ्ठीला जोडली की पैसे न भरताच बुकिंग होतं. किती चांगली माणसं!

मी चिठ्ठी लिहायला घेतली. कुठून, कुठे, काय, कधी. 'कुठून'मध्ये मी 'अबक बिल्डिंग, हळक्षज्ञ रस्ता' असं टाकलं. ताबडतोब लाल अक्षरांत उत्तर आलं, 'असा पत्ता नाही.' कारकून भलताच चोख निघाला. आता खरा पत्ता हवा. मला पाठ असलेले पत्ते दोनच, एक माझा आणि एक माझ्या सासुरवाडीचा. मग 'कुठून'मध्ये सासुरवाडी टाकली, 'कुठे'मध्ये आमचं घर. फोन नंबर सासऱ्यांचा. सामान: संपूर्ण घर. कधी: लगेच. ही 'लगेच'ची सोय सामानवाल्यांचं लाडकं बाळ होतं, उद्या तीच दाखवायची होती.

'पाठवा' दाबलं. गोल चाक जरा फिरलं आणि पडद्यावर आलं, 'उत्तर आलं नाही.'

पुन्हा दाबलं. उत्तर आलं नाही.

शेजारच्या टेबलावर आमच्या शंकाताई बसतात. खरं नाव वेगळं आहे, पण त्यांनी प्रश्न विचारला नाही असा दिवस ऑफिसात उगवलेला नाही, म्हणून शंकाताई. मान न वळवता त्या म्हणाल्या, "चालत नाही का रे?"

"टूल रुसलंय. मनवतो."

आणि मी मनवायला लागलो. टूल बंद करून चालू केलं. पाठवा. उत्तर नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाठवा. नाही. वायफाय सोडून नेटवर्कची केबल लावली, केबल उलटी करून लावली (उलटी करून काही होत नाही, पण बरं वाटतं). पाठवा. नाही. सुरक्षेची तपासणी बंद केली, प्रॉक्सी नावाचा मधला दलाल काढला, घातला, परत काढला. प्रत्येक वेळी पाठवा, प्रत्येक वेळी तेच ढिम्म उत्तर की उत्तर आलं नाही. मग टूलच काढून टाकलं आणि दुसरं, नवंकोरं टूल घेतलं. त्याने प्रेमाने विचारलं, 'जुन्या टूलमधली तुमची सगळी मांडणी इकडे आणू का?' मी म्हटलं आण. हल्लीची टूलं किती मायाळू झालीत.

त्या मायाळू टूलमध्ये एक आणखी सोय होती, 'उत्तर न आल्यास आपोआप पुन्हा पाठवत राहा.' म्हटलं, मी कशाला बोट झिजवू? ती सोय लावली आणि चहा आणायला गेलो.

चहाच्या यंत्राशी उभा होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज भरलेला.

"आईचा फोन आला होता. रडत होती."

"का? काय झालं?"

"तू बोलावलंस म्हणून."

आदल्या संध्याकाळी मीच सासऱ्यांना फोन करून रविवारी जेवायला या म्हटलं होतं. जेवणाच्या आमंत्रणावर रडणं जरा जास्त होतं, पण आमच्या सासूबाई दुकानाच्या उद्घाटनाची फीत कापतानाही रडतात. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? आपलीच माणसं."

बायको म्हणाली, "तू हे मनापासून बोलतोयस?"

"मग? कधीपासून मनात होतं."

"आणि मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"विचारायचं काय? तू नको म्हणणार होतीस का?"

बायकोने नाक ओढलं. "अरे पण जागा कशी पुरणार आपल्याकडे?"

"पुरेल गं. मी खाली बसेन."

"बसशील. झोपायचं काय?"

म्हटलं, जेवण भरपेट झालं तर म्हाताऱ्या माणसांना दुपारी आडवं व्हावंसं वाटणारच. "आपल्या खोलीत झोपू देत. मी बाहेर पडेन कुठेतरी."

"किती चांगला आहेस रे तू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुठल्याही पुरुषाला हे वाक्य ऐकून धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती. मला यंत्राची घंटा ऐकू आली, चहा तयार झाल्याची. मी चहा घेऊन परत टेबलाशी आलो.

टूल इमानाने काम करत होतं. पडदाभर 'उत्तर आलं नाही'ची रांग लागली होती, खालून नवीन ओळ येत होती आणि वरची ढकलली जात होती.

साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी तो गिऱ्हाइकाशी बोलतानाचा गोड चेहरा होता. मग तो कोडं न सुटलेल्या माणसाचा झाला. मग ते उभे राहिले. साहेब गिऱ्हाइकाशी उभं राहून बोलतात ते फक्त गिऱ्हाईक सोडून चाललं असेल तर.

ते बाहेर आले. "सामानवाल्यांचा फोन. त्यांच्याकडे आज दुसऱ्या कुणाला द्यायला गाडी नाही. गावातले त्यांचे सगळे ट्रक एकाच गल्लीत उभे आहेत. सगळे एकाच घरी. म्हणतात, बुकिंग तुमच्या ऑफिसच्या चावीने झालंय."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "आमचं एकही बुकिंग झालेलं नाही. हे बघा ना, उत्तरच येत नाही."

शंकाताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय रे?"

तिथे लिहिलं होतं, 'खरी'.

आदल्या दिवशी साहेबांना ट्रकची खरी यादी दाखवताना मी ती खिडकी निवडली होती. परत चाचणीवर आणायचं राहून गेलं. नव्या टूलने ती चूक जपून, नीट बांधून सोबत आणली होती.

"आणि हे?" शंकाताईंचं बोट खाली सरकलं. "वाट किती पाहायची ते इतकं कमी का ठेवलंयस?"

मला वाट पाहायला आवडत नाही, म्हणून. कारकून बिचारा चिठ्ठी घेऊन आत जात होता, ट्रक बुक करत होता, उत्तर घेऊन खिडकीशी येत होता, आणि तोवर मी पाठ फिरवून 'उत्तर आलं नाही' असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. प्रत्येक 'उत्तर आलं नाही'मागे एक ट्रक निघाला होता. माझ्या हातातला चहाचा कप मी टेबल समजून कीबोर्डवर ठेवला, आणि तो कलंडला.

"रद्द कर सगळं," साहेब म्हणाले.

शंकाताईंनी आधी ते आपोआप पाठवणं थांबवलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून मी रद्द करायची चिठ्ठी काढली. तिने विचारलं, 'बुकिंग क्रमांक?' बुकिंग क्रमांक कुठे असतो? उत्तरात असतो. उत्तर कुणाकडे नव्हतं? माझ्याकडे.

"मग उत्तर आण," साहेब.

मी वाट पाहायचा वेळ भरपूर वाढवला आणि गडबडीत परत 'पाठवा' दाबलं. चाक फिरलं, फिरत राहिलं. आम्ही तिघं पडद्याला नाक लावून उभे. आणि पडदा हिरवागार झाला. 'अभिनंदन. आपली गाडी निघाली आहे.' खाली सुंदर, ठसठशीत बुकिंग क्रमांक.

खरं सांगतो, क्षणभर मला आनंदच झाला. "बघा," मी म्हटलं, "सुट्टीआधी चालवून दाखवलं."

"हा आणखी एक ट्रक होता का रे?" शंकाताईंनी विचारलं.

तो रद्द झाला. म्हणजे मी जेवढे बोलावले होते त्यातला जो सगळ्यात शेवटचा, तेवढाच रद्द झाला. बाकीच्यांचे क्रमांक सामानवाल्यांकडून येईपर्यंत थांबायची माझी हिंमत नव्हती. मी खिडकीही चाचणीवर न आणता जिना उतरलो.

सासुरवाडीच्या गल्लीत शिरता येईना. निळ्या रंगाचे ट्रक एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभे होते, मोजायचा धीर मला झाला नाही. मी ट्रकांच्या कडेने अंग चोरत बिल्डिंगपाशी पोचलो. दारात हमालांचा मुकादम उभा होता, निळा शर्ट, कानावर पेन्सिल.

"थांबा," मी म्हटलं. "हे सगळं चुकून झालंय."

त्याने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "दादा, चुकून एक ट्रक येतो. एवढे चुकून येत नाहीत."

"बरं, पण बाकीचे परत पाठवा ना."

"रिकामे कसे पाठवू? बुकिंग आहे. 'संपूर्ण घर' लिहिलंय. ड्रायव्हर रिकामा गेला की वरून बोलणी बसतात. थोडं-थोडं वाटून देतोय सगळ्यांना."

आणि खरंच वाटून देत होता. एका ट्रकात कपाट होतं, ते ठीक. दुसऱ्यात नुसत्या उशा. तिसऱ्यात इस्त्रीचं टेबल एकटंच, बग्गीतल्या नवरदेवासारखं. त्याच्या मागच्या ट्रकात एक कुंडी मधोमध ठेवली होती आणि ती पडू नये म्हणून तिला चारही बाजूंनी दोर बांधले होते. पहिला ट्रक, ज्यात पलंग आणि फ्रीज होता, तो केव्हाच आमच्या घराकडे निघून गेला होता.

सासरे फाटकाशी उभे राहून हमालांना सूचना देत होते. आयुष्यभर दुकानांतली वजनं-मापं तपासायची नोकरी केलेला माणूस, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ते कमी भरलीय का अशा नजरेने बघतात. माझ्याकडेही लग्नापासून तसेच बघत आलेत.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"आधी वर जा. ती थांबलीय तुमच्यासाठी."

ही बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, सासुरवाडी चौथ्यावर. मी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर जिन्याच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या. मांडीवर डब्यांची पिशवी.

"आई, इथे का बसलात?"

"उतरत होते. एका दमात नाही होत आता. प्रत्येक मजल्यावर बसावं लागतं." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "कुणाला बोलले नाही मी. खाली उतरायचं म्हणजे आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागते. गेले कित्येक दिवस तर उतरलेच नाही. तुमच्याकडे यायचं तरी हेच, जिना आठवला की बरं नाही असं सांगायचे."

आमच्याकडच्या जेवणांना त्या ऐनवेळी का येत नसत, ते मला त्या पायरीवर कळलं. मी बायकोला म्हणायचो की तुझ्या आईला माझ्या हातची आमटी आवडत नाही.

"लेकीने विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "जावयाच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे... पण तुम्ही विचारलंच नाहीत. सरळ ट्रक पाठवलात. तेही इतके. मला वाटलं, केवढी ही हौस." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही न सांगता ओळखलंत, जावईबापू."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'आई, ती चाचणी होती.' अगदी छोटं वाक्य. मी तोंड उघडलं आणि ऐकू आलं ते असं, "चला, माझा हात धरा, सावकाश उतरू."

आम्ही उतरलो. प्रत्येक मजल्यावर बसलो. खाली पोचल्यावर मुकादमाने ट्रकाच्या पुढच्या सीटवर त्यांना बसायला उशी दिली, उशांचा ट्रक होताच. गल्लीतले सगळे लोक गॅलरीत उभे होते. त्यांचा ट्रक सुरू झाला तसे बाकीचेही त्याच्या मागे निघाले आणि सासूबाई खिडकीतून सगळ्यांना हात करत गेल्या. इतका थाट माझ्या लग्नातही नव्हता.

आमचं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. संध्याकाळपर्यंत त्यात दोन फ्रीज, तीन कपाटं आणि खुर्च्या इतक्या की बसायला जागा उरली नाही. बायको सगळ्यांच्या देखत माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सामानवाल्यांची माफी मागितली. सामानवाल्यांनी ती दिली, आणि जाताना म्हणाले, 'लगेच' म्हणजे इतकं लगेच असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं. काम आमच्याकडेच राहिलं. माझ्याकडून मात्र ती खास चावी काढून शंकाताईंकडे दिली.

सासूबाई आता रोज खाली बागेत जातात. तळमजल्यावर राहायचं सुख असं असतं, असं भेटेल त्याला सांगतात, आणि मग ट्रकांची गोष्ट सांगतात. दर वेळी त्यात ट्रक वाढतात. मी बाजूला उभा राहून नम्रपणे जमिनीकडे बघतो.

परवा सकाळी त्या बागेत गेल्या होत्या, बायको कामावर. सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "मध्ये तुमच्या साहेबांचा फोन आला होता. तुमचा लागत नव्हता म्हणून माझ्यावर केला. बुकिंगमध्ये माझाच नंबर होता ना."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, आमच्या माणसाच्या चुकीमुळे तुम्हाला फार त्रास झाला. कंपनी सगळं सामान परत नेऊन लावून द्यायला तयार आहे. एकही पैसा नको."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, चूक कसली? आमच्या जावयाने विचार करून केलंय सगळं." त्यांनी पान उलटलं. "तिला मी आयुष्यात त्या जिन्यावरून खाली आणू शकलो नसतो. तेव्हा तिला काही सांगायचं कारण नाही. मी नाही सांगणार."

मला गहिवरून आलं. मी म्हटलं, "बाबा, तुमचे उपकार..."

"उपकार नाहीत," ते म्हणाले, "तुमची ती खिडकीशेजारची खुर्ची आजपासून माझी. टीव्हीचा रिमोट माझ्याकडे. आणि सकाळी बाथरूमला पहिला नंबर माझा."

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून लिहितोय. आंघोळ व्हायची आहे. आतून पाण्याचा आवाज येतोय, मी मघाशी दार वाजवून विचारलं, अजून किती वेळ, पण उत्तर आलं नाही. वाट बघतोय.